योसेफाची पानं

माझ्या नाकावर राग असतो, हे घरचे सगळे सांगतील. पण एका हिवाळ्याच्या तोंडाशी मी एका प्रिंटरशी कितीतरी आठवडे भांडले, हे मात्र कुणाला खरं वाटत नाही. भांडले, आणि चांगली दात-ओठ खाऊन भांडले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. इस्रायलमध्ये लोदला विमानतळाजवळ एका माल पाठवणाऱ्या कंपनीत मी कारकुनी करत होते. कचेरीच्या कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या मशीनशेजारी, करड्या रंगाचा एक बुटका लेझर प्रिंटर होता. सगळे जण आपापल्या टेबलावरून त्याच्याकडे कामं धाडायचे आणि तो ती स्वतःच्या मर्जीने छापायचा. आधी पाठवलेलं मागाहून, मागाहून पाठवलेलं आधी.

इतरांना त्याचं काही वाटत नसे. पावत्या मागेपुढे आल्या तर हातांनी लावायच्या, 'यिहये बेसेदेर', म्हणजे होईल सगळं ठीक, असं म्हणायचं आणि कॉफी करायला जायचं. एरवी मीही तेच केलं असतं. पण त्या हिवाळ्यात मी त्या प्रिंटरमधून आईचं कीर्तन छापून काढत होते. त्यातलं एक पान जरी मागेपुढे झालं, तर आई कीर्तनाला उभी राहणार नव्हती.

आमच्या कोकणातल्या ज्यू, बेने इस्रायली लोकांत तोरा या धर्मग्रंथातल्या गोष्टींची मराठी कीर्तनं करायची जुनी रीत आहे. अब्राहाम, मोशे, योसेफ, सगळे आमच्याकडे साकी-दिंडीत बोलतात. आईचे वडील अलिबागकडच्या एका गावात शाळामास्तर होते, आणि योसेफाचं आख्यान त्यांनी स्वतः रचलं होतं. भाऊ हेव्याने त्याला विहिरीत टाकतात, तो इजिप्तमध्ये फारोचा कारभारी होतो, आणि दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्यापुढे येतात, अशी ती गोष्ट. आई त्यांच्या शेजारी टाळ घेऊन बसायची. ते गेल्यावर तीच म्हणू लागली, आधी गावात, मग लग्न होऊन ठाण्याला आल्यावर तिथे. मी कॉलेजात जायला लागले त्या सुमारास आम्ही ठाणं सोडून इस्रायलला आलो. तेव्हा तिच्या ट्रंकेत पुरणाचं यंत्र, पितळी डबे, ते टाळ आणि फडक्यात बांधलेली वडिलांची वही होती. त्या वहीला आम्ही मुलांनी हात लावायचा नाही असा दंडक होता, त्यामुळे मी ती कधी उघडून बघितली नाही.

हनुका या आमच्या दिव्यांच्या सणाच्या दिवसांत तोरात योसेफाचीच गोष्ट वाचायला येते, म्हणून आमच्या मंडळाने कीर्तनाला तेच दिवस धरले होते. सिनेगॉगच्या मागच्या सभागृहात सगळे जमायचे. आई सिनेगॉगला शेवटपर्यंत मशीदच म्हणायची, गावाकडे म्हणत तसं. अश्दोदहून, येरुहामहून माणसं यायची, हनुकाच्या गोड वड्यांच्या शेजारी करंज्यांचं ताट असायचं, आणि आई पांढरी साडी नेसून उभी राहायची. माझ्या डोळ्यांपुढे आईचं म्हणून जे चित्र येतं, ते तेच आहे.

आणि मग आदल्या वर्षी घोटाळा झाला. आजोबांच्या वहीचा पार चुरा व्हायला आला होता, म्हणून मंडळाच्या प्रमुख बाईंनी ती नेऊन तिच्या प्रती काढल्या. या बाई पूर्वी मुंबईला शाळेत शिकवायच्या. आम्ही त्यांना चेअरमनबाई म्हणायचो, थोडं कौतुकाने आणि थोडं चेष्टेने. त्यांनी काम मात्र सुबक केलं होतं. पानं दोन्ही बाजूंनी छापलेली, पुढे-मागे निळा पुठ्ठा, कडेला पिना. कॉपी काढताना पानांवरचे आकडे कापले गेले होते, एवढंच.

त्या संध्याकाळी आईने पहिली दिंडी पाठ म्हटली. मग पुस्तिका उघडून नजर टाकली आणि थबकली. डोळ्यांत मोतीबिंदू होता, पानाची वरची ओळ तेवढी तिला जेमतेम लागायची. तिने जे पद उचललं, ते भाऊ योसेफाच्या गळ्यात पडून रडतात त्याचं होतं. योसेफाला अजून विहिरीत टाकलंसुद्धा नव्हतं. टाळ धरणाऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आईने पान उलटलं, तर योसेफाच्या धाकट्या भावाच्या, बन्यामीनच्या गोणीत प्याला सापडला. आणखी एक उलटलं, तर दुष्काळ पडला. पुढे जायला जावं आणि मागेच येत राहावं, असं तिचं चाललं होतं. शेवटी चेअरमनबाईंनी तिच्या हातातून पुस्तिका हळूच काढून घेतली आणि राहिलेलं आख्यान स्वतः म्हटलं. माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी हळहळून म्हणालं, "वय झालं बिचारीचं."

मला त्या आवाजाचा संताप आला. आईला आला नाही. तिने ते मान्यच करून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिने टाळ चेअरमनबाईंकडे पोचते केले, "तुम्हीच सांभाळा आता," असं सांगून. मग तिचं एकेक सुरू झालं. गॅस बंद केला ना, ते तपासायला जिना उतरून परत वर जायचं. बोलता बोलता नाव आठवलं नाही की गप्प बसायचं. कुपत होलीममध्ये, म्हणजे आरोग्यनिधीच्या दवाखान्यात जाऊन तिने डॉक्टरांना सांगितलं की माझं डोकं तपासा. त्यांनी वार विचारला, पंतप्रधान विचारले, नातीचं वय विचारलं, तिने सगळं बरोबर सांगितलं, आणि ते म्हणाले, तुम्ही माझ्यापेक्षा धड आहात. तिचा विश्वास बसला नाही. उन्हाळ्यात मोतीबिंदू काढला. डोळे सुधारले, धीर मात्र परत आला नाही.

मला हे पटत नव्हतं. भाजीवाल्याने वजनात काय मारलं ते तिला पाव किलोच्या हिशोबाने आठवड्यानंतरही आठवायचं. अशा बाईचं डोकं एका संध्याकाळपुरतं जातं कुठे? रोज तेच ते उगाळत बसण्यापेक्षा मी ठरवून टाकलं की या हनुकाला आईच उभी राहील. मंडळाने तर यंदा चेअरमनबाई म्हणणार असं जाहीर केलं होतं. केलं असू दे.

आईने हो म्हणायला फार दिवस घेतले. माझे वडील गेल्यापासून ती एकटीच राहायची, आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली. कामावरून येताना मी रोज तिच्याकडे डोकवायची आणि रोज तोच विषय काढायची. शेवटी एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तू काय माझा पिच्छा सोडायची नाय. बरं. अक्षर मोठं काढ. आणि पानं क्रमानं असूं दे. एक पान जरी मागंपुढं झालं ना, तर मी उभी र्‍हायची नाय. परत तसं हसं नको माझं."

"एकही पान इकडचं तिकडे होणार नाही," मी म्हटलं. तेव्हा तो प्रिंटर मला पुरता माहीत नव्हता.

ठाण्याहून आलेल्या मावसभावाने मराठी अक्षरांची फ्लॉपी आणली होती. माझ्याकडच्या निळ्या पुस्तिकेवरून मी आख्यान कॉम्प्युटरवर उतरवलं, भलंमोठं अक्षर घेऊन, पानांवर आकडे घालून. शिवाय प्रत्येक पानासमोर तेच पद हिब्रू लिपीत. कारण आमच्या पोरांना मराठी कळतं, वाचता येत नाही. माझी मुलगी तेव्हा सैन्यात होती. आजी तिच्याशी मराठीत बोलायची, ती हिब्रूत उत्तर द्यायची, आणि दोघींचं झकास चालायचं. या पोरांनीही ध्रुपद उचलावं अशी माझी इच्छा होती. साहेबांनी परवानगी दिली. कागद तुझे आणि वेळ जेवणाच्या सुट्टीतला, एवढीच अट घातली.

मी एक मराठी पान धाडायची, मग त्याचं हिब्रू पान, मग पुढचं मराठी. पहिल्या दिवशी सगळं छापून झाल्यावर मी तो गठ्ठा पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिशांच्या फायलीत भरला, एकेका खिशात पाठीला पाठ लावून दोन दोन पानं, आणि आनंदाने आईकडे नेला. ती चष्मा पुसून, पदर नीट करून बसली आणि मी फाइल उघडून तिच्यापुढे धरली. पहिलं पद सुरेख झालं. नंतर हिब्रूचं एक पान आलं, मग परत हिब्रूचं, मग एकदम फारोचं स्वप्न. आईचा आवाज तुटला. तिने फाइल मिटली आणि माझ्याकडे सरकवली.

"बघ. मी सांगितलं होतं."

"अगं, तुझं नाही चुकलं. हे छापूनच चुकीचं आलंय. बघ ना!"

"असेल," ती म्हणाली आणि उठून कुकर लावायला गेली. तिच्या त्या 'असेल'ने माझं डोकं सणकलं. यंत्राच्या चुकीचं खापर ती स्वतःच्या डोक्यावर फोडून घेत होती. पानं हातांनी लावून देणं सोपं होतं, पण आता मला ती चूक यंत्राकडूनच सुधारून घ्यायची होती.

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, बंद करून परत चालू करा. केलं. फरक शून्य. परत लावला, तर म्हणाला, यंत्र जुनं झालंय, नवीन घ्या. मी फोन आपटला. मग मी डबा घेऊन प्रिंटरशेजारीच जेवायला बसू लागले. एका डोळ्याने पडद्यावरची कामांची रांग बघायची, दुसऱ्याने बाहेर पडणारा कागद. कचेरीतल्यांची करमणूक झाली. मध्येच कुणी आपल्या पावत्या धाडायचं आणि योसेफ विहिरीत असताना थंड ठेवायच्या फुलांची खोकी यायची. एकदा साहेब जकातीच्या कागदांत सापडलेलं एक मराठी पान दोन बोटांत धरून माझ्यापाशी आले.

"हे काय आहे?"

"योसेफ."

"कोण योसेफ? गोदामातला?"

"नाही. फारोकडचा," मी म्हटलं. त्यांनी पान माझ्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेले.

बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. मागे पडायची ती नेहमी मराठी पानंच. पडद्यावरच्या रांगेत मराठी पान पहिलं असायचं, पण त्याच्यासमोर 'तयार होत आहे' असं बराच वेळ दिसत राहायचं, आणि तेवढ्यात हिब्रू पान सटकन बाहेर पडायचं. प्रिंटरच्या पोटात हिब्रू अक्षरं होती. मराठी नव्हती, त्यामुळे मराठीचं प्रत्येक पान चित्रासारखं जायचं, जड आणि सावकाश. पण जड असलं म्हणून काय झालं? रांगेत पुढे आहे तर त्याचा नंबर पुढे. त्याला डावलायची परवानगी दिली कुणी?

ती परवानगी मला प्रिंटरच्या मांडणीच्या एका आतल्या पानावर सापडली. तिथे एक ओळ होती: जे काम आधी तयार होईल ते आधी छापावं. तिच्यापुढे बरोबरची खूण केलेली होती. कुणी केली, कधी केली, कुणाला ठाऊक नाही. कचेरीतले म्हणाले, हात लावू नकोस, सगळंच बंद पडेल. मी लावला. खूण काढून टाकली, जीव मुठीत धरून एक मराठी आणि एक हिब्रू पान धाडलं, आणि उभी राहिले. प्रिंटर बराच वेळ गुरगुरला. मग मराठी पान आलं. त्याच्या मागून हिब्रू. मी मोठ्याने "शाबास!" म्हणाले, तर फोनवर बोलणारी एक जण दचकली.

त्या दिवशी सगळं परत छापलं. घरी सोडणारी गाडी सुटायला आली होती, म्हणून पानं ट्रेमधून निघाली तशी खिशांत सरकवली आणि पळाले. फाइल आईच्या हातात देऊन म्हटलं, उद्या संध्याकाळी बसू.

दुसऱ्या संध्याकाळी मी तिच्या टेबलावरची फाइल उघडली, तर सगळ्यात वर शेवटचं पान. त्याच्या मागे शेवटून दुसरं. मधे काही फाटाफूट नव्हती, मराठी-हिब्रू जोड्या शाबूत होत्या, पण अख्खं आख्यानच शेवटाकडून सुरुवातीकडे चाललेलं. मी फाइल चटकन मिटून पिशवीत घातली.

"बघू नकोस. परत उलटं छापलंय मेल्याने."

आई पुढे झाली होती, ती थांबली. "उलटं हाय? मला तर..." असं तिच्या तोंडून निघालं. मी विचारलं, तुला तर काय? ती म्हणाली, काय नाय. तिचा चेहरा उतरला होता. तो मी पाहिला, पण माझ्या डोक्यात प्रिंटर होता.

सकाळी कचेरीत गेले तर गुन्हेगार समोरच दिसला. प्रिंटरला मागच्या बाजूने एक झडप होती. जाड पाकिटं छापताना ती उघडायची, म्हणजे कागद वाकत नाही. ती उघडी असली की कागद मागून, छापलेली बाजू वर करून पडतात, आणि पहिलं पान गठ्ठ्याच्या तळाशी जातं. झडप सताड उघडी होती. मी खोकी बांधायची तपकिरी चिकटपट्टी आणली आणि झडपेवर आडवी-उभी ठोकली. त्यावर हिब्रूत कागद लावला: 'उघडू नका. ही विनंती नाही.' कुणीही त्याला हात लावला नाही. मी परत सगळं छापलं, आणि या खेपेला एकेक पान आकडा बघून खिशात भरलं. फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली, आणि गुरुवारी संध्याकाळी आईकडे दिली.

शुक्रवारी कचेरीला सुट्टी. शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा पाव आणि क्लेमेंटिन संत्र्यांची पिशवी घेऊन मी दुपारीच खाली गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई पलंगावर मांडी घालून बसली होती. फाइल रिकामी होऊन बाजूला पडली होती आणि माझी सगळी पानं चादरीवर ओळीने मांडलेली होती. ती एकेक उचलत होती, डोळ्यांजवळ नेऊन आकडा बघत होती, दोनदा बघत होती, आणि मग खिशात घालत होती.

"आई! म्हणजे हे तू करतेस?"

ती चोरी पकडली गेल्यासारखी दचकली. "रागावू नको गो बाय. तुझी मशीन उलटं काढते. तू दमून येतेस, म्हटलं आपणच सरळ करावं. मागल्या खेपेला पण केलं होतं. तर तू म्हणालीस, उलटं हाय. मग माझं मलाच समजेना, मी सरळ केलं का उलटं केलं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरं सांग. माझं डोकं गेलं ना?"

मी पाव आणि पिशवी तिथेच जमिनीवर ठेवली. पानं भरून झाली होती बहुतेक. राहिलेली तिने सांगितली तशी मी भरली, आणि फाइल मिटून डावीकडून उघडली. "हे बघ, आई. शेवट आधी आला."

आईने फाइल माझ्या हातातून घेतली, मिटली, उलटी फिरवून फायलीचा कणा उजव्या हाताला घेतला आणि उघडली. पहिलं पान. योसेफाला रंगीत झगा मिळतो ते.

"सरळ तर हाय," ती म्हणाली.

प्रिंटरच्या झडपेवर मी उगाच चिकटपट्टी ठोकली होती. सिद्दुर उघडतात तशी तिने ती उघडली होती. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून घरातली प्रत्येक प्रार्थनेची पोथी आम्ही अशीच उजवीकडून उघडतो, मीसुद्धा. पण हे मराठी होतं, म्हणून माझा हात शाळेतल्या पुस्तकासारखा डावीकडे गेला होता. मी तिच्या कपाटातून, साड्यांच्या खालून, आदल्या वर्षीची निळी पुस्तिका काढली. कीर्तनानंतर चेअरमनबाईंनी परत दिलेली ती तिने तिथे दडपून ठेवली होती. मिटलेली तशीच तिच्या मांडीवर ठेवली.

"ही उघड."

"नको ती."

"आई, उघड."

तिने पुस्तिका फिरवून कणा उजवीकडे घेतला आणि मागचा पुठ्ठा उघडला. भाऊ योसेफाच्या गळ्यात पडून रडत होते.

"तू तेव्हा अशीच उघडलीस?"

"मग कशी उघडणार? तोरातली गोष्ट ती. बाबांची वही पण अशीच उघडायची. लिहिलं मराठी, पण पानं सिद्दुरासारखी. देवाचं नाव डावीकडून कोण उघडतं?"

मराठी मजकूर म्हणून चेअरमनबाईंनी सगळ्या पानांची बैठक बदलून शाळेच्या पुस्तकासारखी बांधणी केली होती. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. पण आईच्या हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं. आकडे कापलेले, डोळ्यांवर पडदा, समोर अख्खं सभागृह. ती पुढे म्हणून जी पानं उलटत होती ती सगळी तिला मागे नेत होती. तिला आख्यान पाठ होतं. घोटाळा बांधणीचा होता, पण आईने स्वतःवर विश्वास ठेवायचा सोडून त्या पुस्तिकेवर ठेवला होता.

मी हे तिला समजावून सांगायला लागले, पण तिला माझ्या आधीच कळलं होतं. तिने पुस्तिकेचा पुढचा पुठ्ठा उघडला, मग मागचा, परत पुढचा. बराच वेळ ती तेच करत बसली.

"म्हणजे मी विसरले नव्हते," ती म्हणाली.

"नाही, आई."

"वर्षभर मी रोज दिवा लावताना मागत होते, की पोरीचं नाव तेवढं विसरू देऊ नको. बाकी सगळं ने, म्हणत होते. तुझं नाव तेवढं ठेव." आणि ती रडली. मीही रडले. मला वाटलं होतं ती सुटल्यासारखं हसेल. पण तिला भयंकर राग आला होता. इतका की रडता रडता तिने ती निळी पुस्तिका पलंगाखाली भिरकावली आणि म्हणाली, "मला फोन लावून दे. चेअरमनबाईंना. माझे टाळ त्यांच्याकडं हायेत."

फोनवर ती फार बोलली नाही. "बाई, माझे टाळ पाठवा. मी उभी र्‍हाणार हाय," एवढंच. शब्बाथ सुटल्यावर चेअरमनबाई टाळ घेऊन स्वतःच आल्या. आईने त्यांना पुस्तिका दोन्हीकडून उघडून दाखवली. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी स्वतः ती दोन्हीकडून उघडून बघितली. मग म्हणाल्या, "मावशी, तेव्हाच का नाही बोललात?" आई म्हणाली, "मलाच वाटलं तुमचं बरोबर असेल. तुम्ही शिकलेल्या." चेअरमनबाईंनी टाळ तिच्या हातात दिले आणि चहा न घेता गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मंडळातल्या सगळ्यांना फोन करून सांगितलं की यंदा मावशी म्हणणार आहेत. मला त्यांच्याबद्दल त्या दिवसापासून आदर वाटायला लागला.

मी छापलेली पानं प्रती काढून बांधून घ्यायला दुकानात नेली. पुस्तिका बांधणारा हिब्रू पानांकडे बघून म्हणाला, उजवीकडून ना? मग मराठी पान बघून घोटाळला. मी म्हटलं, उजवीकडून, सगळी उजवीकडून. तो पिना मारत असताना मी शेजारी उभी राहून प्रत्येक पुस्तिका बघितली. मी नजर काढत नाही म्हणून तो वैतागला होता.

सभागृह भरलं होतं. माझी मुलगी गणवेशातच आली होती, तिने पुस्तिका घेतली आणि काही न विचारता उजवीकडून उघडली. चेअरमनबाई पहिल्या रांगेत होत्या. आई पांढरी साडी नेसून उभी राहिली. तिने पहिली दिंडी म्हटली. योसेफाला झगा मिळाला, भावांचं डोकं फिरलं, त्यांनी त्याला रानात गाठलं. इथे पान उलटायचं होतं. मी माझं पान आधीच चिमटीत धरलं होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेत खुडबुड झाली. चेअरमनबाई सवयीने डावीकडून सुरू होऊन शेवटच्या पानात जाऊन पोचल्या होत्या आणि गोंधळून पानं पुढेमागे करत होत्या. त्यांच्या शेजारच्या बायकाही त्यांचं बघून चुकल्या होत्या. आईने टाळ थांबवले. आदल्या वर्षीचं सगळ्यांना आठवत होतं, ते मला जाणवलं.

"बाई," आई खाली बघून म्हणाली, अगदी घरात बोलल्यासारखं, "इकडून. हं, तशी."

सभागृहभर पानं सरळ झाल्याचा आवाज आला. सगळ्यांचं होईपर्यंत आई थांबली. मग तिने टाळ वाजवले आणि योसेफाला विहिरीत टाकलं.